तांबड्या खुर्चीला सातबारा लागत नाही

जून सरत आला की आपल्याकडे दोन हंगाम एकदमच सुरू होतात. एक पेरणीचा, दुसरा सत्काराचा. १ जुलैला कृषिदिन, मग १५ ऑगस्ट, मग शिक्षकदिन, गणपती मंडळांचे कार्यक्रम आणि पुढे थेट २६ जानेवारीपर्यंत हारतुऱ्यांना उसंत नाही. शाली एकाच दुकानातल्या, नारळ एकाच पोत्यातले आणि खरं सांगायचं तर सत्कारमूर्तीही फिरून फिरून तेच. विस्ताराच्या कामात असल्यामुळे अशा समारंभांना हजेरी लावणे मला चुकत नाही. सतरंजी अंथरण्यापासून माईकवाल्याची मनधरणी करण्यापर्यंत सगळी कामे करून झाली आहेत. एवढ्या वर्षांत एक गोष्ट मात्र डोळ्यांत खुपत राहिली. सत्कार करणारा बसलेला असतो आणि सत्कार होणारा उभा. ज्याच्या नावाने मांडव घातला तो बिचारा मागे खांबाला टेकून वाट पाहतो, नाव पुकारल्यावर पायताण काढून वर चढतो, फोटोपुरता थांबतो आणि पुन्हा खांबापाशी जातो. वरच्या खुर्च्यांवर शेवटपर्यंत बसून राहतात ते सत्कार करणारे.

परवा कॅन्ससच्या ज्वारीविषयी काही वाचत होतो. अमेरिकेत सर्वांत जास्त ज्वारी या कॅन्सस राज्यात पिकते. आपण तिची भाकरी करतो. तिकडे ती जनावरांच्या दावणीला जाते, तिच्यापासून इथेनॉल काढतात, उरलेली बोटीत भरून परदेशी धाडतात. वाचता वाचता कॅन्सस सिटी या शहरापर्यंत पोचलो आणि तिथे बेसबॉलच्या मैदानातली एक तांबडी खुर्ची भेटली. ती काही डोक्यातून जाईना. म्हणून आज पीकपाण्याचे बाजूला ठेवून तिच्याविषयी लिहितो. हा मजकूर खेळाच्या पानावर जायला हवा होता, असे कोणी म्हणेल. शेवटपर्यंत वाचा आणि मग ठरवा.

कॅन्सस सिटी हे मिसूरी आणि कॅन्सस या दोन राज्यांच्या शिवेवरचे शहर. नाव कॅन्ससचे, पण ज्या मैदानाची गोष्ट सांगतो आहे ते मिसूरीच्या बाजूला. हे शहर वाढले ते शेतमालावर आणि जनावरांवर. गव्हाची मोठी पेठ. १८७१ मध्ये सुरू झालेला तिथला गुरांचा बाजार शिकागोच्या खालोखाल गणला जायचा. तो १९९१ मध्ये बंद पडला. १८९९ पासून तिथे 'अमेरिकन रॉयल' नावाचे जनावरांचे प्रदर्शन भरते. १९६९ मध्ये शहराचा नवा बेसबॉल संघ मैदानात उतरला, त्याचे 'रॉयल्स' हे नाव या प्रदर्शनावरून आलेले. म्हणजे राजघराण्याशी संबंध काही नाही, खोंडांशी आणि कालवडींशी आहे! आपल्याकडे एखाद्या क्रिकेट संघाने माळेगावच्या जत्रेवरून नाव घ्यावे, तसेच हे. आपल्या आयपीएलवाल्यांना असले नाव सुचणे अवघड.

बेसबॉल आपल्याकडे फारसा कोणी पाहत नाही. नऊ-नऊ जणांचे संघ. एक जण चेंडू फेकतो, दुसरा गोल दांडक्याने टोलवतो आणि चार ठाणी ओलांडून परत येतो. एवढे कळले तरी पुरे. लक्षात ठेवायचा तो आकडा: एका संघाचे हंगामात १६२ सामने होतात आणि त्यातले ८१ घरच्या मैदानावर. मार्च-एप्रिलला सुरुवात, सप्टेंबरअखेर शेवट. जवळजवळ आपला खरीपच.

रॉयल्सच्या मैदानाचे नाव कॉफमन स्टेडियम. फलंदाज उभा राहतो त्याच्या पाठीमागच्या अंगाला, जिथून चेंडू अगदी समोर दिसतो त्या मोक्याच्या जागी, निळ्या खुर्च्यांच्या रांगेत एकच खुर्ची तांबडी आहे. २००७ पासून घरच्या सामन्याला तिथे शहरातला एखादा साधा माणूस मानाने बसतो. कोणी शाळेतला मास्तर, कोणी उपाशी कुटुंबांना धान्य पोचवणारी बाई, कोणी आपल्या गल्लीतल्या उनाड पोरांना मैदानावर आणणारा. अमुक माणसाला बसवा, असे शहरातल्या लोकांनीच कळवायचे, त्यातून निवड होते. भाषण नाही, शाल नाही. बसायचे, सामना पाहायचा आणि घरी जायचे. दर हंगामाला ८१ सामने धरले तर २०१९ पर्यंतच्या तेरा हंगामांतच हा आकडा हजारावर जातो. (२०२० साली करोनामुळे सामने प्रेक्षकांशिवाय झाले.)

ही खुर्ची मुळात एका म्हाताऱ्याची. त्याची हकीकत कळल्याशिवाय खुर्चीची गंमत कळायची नाही.

जॉन जॉर्डन ओनील, सगळे त्यांना बक ओनील म्हणत. जन्म १३ नोव्हेंबर १९११, फ्लोरिडा राज्यातला. कृष्णवर्णीय घर, आजोबा गुलामगिरीत राहिलेले. वडील सारासोटा गावाजवळच्या सेलरीच्या शेतांवर मुकादम होते. सेलरी ही आपल्या धने-ओव्याच्या कुळातली, पण तिचे जाडजूड देठ भाजीसारखे खातात. पाण्याला हपापलेले पीक, काळ्या दलदलीच्या जमिनीतले. पोरवयातला बक तिथे पेट्या वाहायचा. उन्हाने जीव नकोसा झाला तेव्हा पेट्यांच्या आडोशाला बसून तो स्वतःशीच पुटपुटला, की याहून बरे काहीतरी जगात असलेच पाहिजे. ते बापाच्या कानावर गेले. बाप रागावला नाही. म्हणाला, आहे बाबा, पण ते मिळवायला तुला इथून बाहेर पडावे लागेल. ही गोष्ट ओनील म्हातारपणापर्यंत सांगत असत. ज्याने उन्हात कांद्याच्या गोण्या वाहिल्या आहेत त्याला ती दुसऱ्यांदा सांगावी लागणार नाही.

सारासोटाच्या हायस्कूलमध्ये काळ्या मुलांना प्रवेश नव्हता. शिकायचे तर गाव सोडून जॅक्सनव्हिलला जावे लागले. पुढे १९९५ मध्ये त्याच हायस्कूलने ओनील यांना बोलावून शाळेचे प्रमाणपत्र दिले. वय तेव्हा ८३! आम्हा डिप्लोमावाल्यांना कागदाची किंमत जरा जास्तच कळते, म्हणून हा प्रसंग वाचताना मी थांबलो. सत्तर वर्षे उशिरा मिळालेला कागद हातात घेताना माणसाला नेमके काय वाटत असेल?

खेळात तरी वेगळे काय होते? अमेरिकेच्या मोठ्या बेसबॉल संघांत काळ्या खेळाडूंना जागा नव्हती. आपल्या वाचकांना हे फोडून सांगण्याची गरज नाही. पालवणकर बाळूंच्या डावखुऱ्या फिरकीवर विकेटी हव्या असत, पण चहा मात्र पुण्यात त्यांना मैदानाच्या बाहेर मातीच्या भांड्यात मिळे. तिकडच्या काळ्या खेळाडूंनी १९२० मध्ये कॅन्सस सिटीतच जमून आपली वेगळी साखळी उभी केली. तिला त्या काळच्या भाषेत निग्रो लीग म्हणत. तिच्यातला नामांकित संघ म्हणजे कॅन्सस सिटी मोनार्क्स. ओनील त्या संघात १९३८ मध्ये आले, लढाईच्या काळात आरमारात जाऊन परत आले, १९४८ ते १९५५ संघाचे व्यवस्थापक होते.

या मोनार्क्सची एक गोष्ट मला फार आवडली. १९३० मध्येच त्यांच्या मालकाने ट्रकवर दिव्यांचे खांब आणि वीज तयार करायचे यंत्र चढवले. खेड्यापाड्यांतून जायचे, गावच्या मोकळ्या रानात खांब उभे करायचे आणि रात्री उजेडात सामना खेळायचा. दिवसभर रानात राबलेला माणूस रात्री पाहायला यायचा. मोठ्या संघांच्या मैदानांवर रात्रीचे सामने सुरू व्हायला १९३५ उजाडावे लागले. आपल्या तमाशाच्या फडांनी तंबू आणि जनरेटर ट्रकमध्ये घालून सुगीनंतरची गावे घेतली, तसा हा प्रकार. फरक एवढाच, की ज्या गावात सामना त्या गावातल्या खाणावळीत या खेळाडूंना ताट मिळेल याची खात्री नसायची.

१९४५ मध्ये मोनार्क्सकडून खेळलेला जॅकी रॉबिन्सन १९४७ मध्ये ब्रुकलिनच्या संघातून मोठ्या मैदानात उतरला आणि ती भिंत पडू लागली. चांगले झाले. पण मोठ्या संघांनी चांगली पोरे उचलली तशी काळ्यांची साखळी सुकत गेली आणि ओनील यांच्या पिढीचे काय, हा प्रश्न राहूनच गेला. ते शिकागो कब्ज या संघाचे पारखी झाले. गावोगाव हिंडायचे, शाळा-कॉलेजांच्या मैदानांवर पोरांचा खेळ पाहायचा आणि हेरायचे. बियाण्यासाठी ज्वारीची कणसे उभ्या पिकातून निवडणारा जुना शेतकरी असतो ना, तसे काम. लुईझियानाच्या कापूसपट्ट्यातला, वाट्याने शेती करणाऱ्या घरातला लू ब्रॉक त्यांनीच हेरला आणि तो पुढे फार मोठा खेळाडू झाला. १९६२ मध्ये कब्जने ओनील यांना प्रशिक्षक केले. मोठ्या संघातले ते पहिले कृष्णवर्णीय प्रशिक्षक. तरीही सामना चालू असताना मैदानात उभे राहून खेळाडूला इशारे करण्याचे काम त्यांना दिले गेले नाही. पद दिले, पण जागा दिली नाही. ग्रामपंचायतीतल्या आपल्या कित्येक सदस्य भगिनींना हे वाक्य नीट समजेल.

१९८८ मध्ये ते रॉयल्सकडे पारखी म्हणून आले. कॅन्सस सिटीत १९९० मध्ये काळ्यांच्या बेसबॉलचे संग्रहालय निघाले, त्यासाठी दारोदार फिरले. १९९४ मध्ये केन बर्न्स या माहितीपटकाराने बेसबॉलवर टीव्हीमालिका केली, तीत हा ब्याऐंशी वर्षांचा म्हातारा असा काही बोलला की अख्ख्या देशाला तो ठाऊक झाला. आणि रॉयल्सचा सामना असला की फलंदाजामागच्या त्या ठरलेल्या खुर्चीवर तो असायचाच.

आता सत्काराकडे येतो. बेसबॉलमधला सर्वांत मोठा मान म्हणजे न्यूयॉर्क राज्यातल्या कूपर्सटाउनचे हॉल ऑफ फेम. २००६ मध्ये काळ्या साखळीतल्या राहून गेलेल्या लोकांसाठी खास समिती बसली. तिने १७ जण निवडले. सतराही मयत. ओनील यादीत होते, जिवंत होते, पण निवड झाली नाही. एका मताने गेले असे सांगतात. आपल्याकडे असे झाले असते तर? पत्रके निघाली असती, उपोषण झाले असते, निदान माणूस समारंभाला फिरकला तरी नसता. ओनील जुलैत कूपर्सटाउनला गेले आणि त्या सतरा मेलेल्या माणसांच्या वतीने स्वतः बोलले. शेवटी समोरच्या गर्दीला एकमेकांचे हात धरायला लावून गाणे म्हणवून घेतले. त्याच महिन्यात चौऱ्याण्णवाव्या वर्षी एका धाकट्या लीगच्या सामन्यात बॅट घेऊन उभेही राहिले. ६ ऑक्टोबर २००६ ला ते गेले.

कूपर्सटाउनने त्यांना घेतले ते २०२२ मध्ये. काळ्या साखळ्यांची मोठ्या बेसबॉलमध्ये गणना करायचे २०२० च्या डिसेंबरात ठरले, आणि २०२४ च्या मे महिन्यात त्यांचे आकडे अधिकृत नोंदवहीत चढले. तो एक फेरफार होताच, शंभर वर्षांपूर्वीच्या साखळीची फलंदाजीची सरासरी बदलली आणि जॉश गिब्सन हा कधीच मोठ्या संघातून न खेळलेला माणूस एकदम सगळ्यांच्या वर जाऊन बसला. तलाठ्याकडे तीन महिने अडलेली वारसनोंद आपण अन्याय म्हणून सांगतो. इथे नोंद व्हायला माणसे मरून गेली.

रॉयल्सने मात्र वाट पाहिली नाही. ओनील गेले, पुढचा हंगाम २००७ चा, आणि त्या हंगामापासून खुर्ची तांबडी झाली. त्या वेळी या संघाची अवस्था काय होती ठाऊक आहे? २००४, २००५ आणि २००६ अशी तीन वर्षे लागोपाठ दर हंगामात शंभर किंवा जास्त सामने हरलेला संघ! म्हणजे अजिंक्यपदाच्या आनंदात केलेला हा दानधर्म नव्हे. अजिंक्यपद मिळाले ते पुढे २०१५ मध्ये. पडत्या काळात आपल्या गावातला चांगला माणूस शोधून त्याला समोर बसवावे, असे त्यांना सुचले.

आणि ती खुर्ची पुतळ्यासारखी रिकामी ठेवून हार घालत बसले नाहीत. ज्या माणसाला आयुष्यभर 'तुझी जागा इथे नाही' असे सांगितले गेले, त्याची जागा रोज नव्या माणसाला द्यायची, असे ठरवले. माझ्या मते याच कारणासाठी हा मजकूर या पानावर हवा.

आपले पुरस्कार पाहा. कृषिभूषण, शेतीनिष्ठ, उद्यानपंडित. नावे चांगली आहेत, मिळालेली बरीच माणसेही खरोखर गुणी आहेत. पण बहुतेक ठिकाणी माणसाला स्वतःच स्वतःचा प्रस्ताव करावा लागतो. फोटो, दाखले, वर्तमानपत्रांची कात्रणे, झेरॉक्सच्या तीन प्रती. मी किती चांगला, हे मीच लिहून द्यायचे. ज्याला हे जमते तो पुढे जातो. जो खरोखर चांगला असतो त्याला बहुधा हे लिहायला लाज वाटते, नाहीतर लिहिताच येत नाही.

पीक स्पर्धेचे घ्या. भाग घ्यायचा तर जमीन स्वतःच्या नावावर हवी आणि स्वतः कसत असायला हवी. नियम म्हणून त्यात गैर काही नाही. सातबारा नसेल तर क्षेत्र कोणते धरणार आणि उत्पादन कोणाच्या नावावर मांडणार? पण त्याचा परिणाम काय होतो ते आम्ही शिवारात पाहतो. काही वर्षांपूर्वी एका गावात रब्बी ज्वारीचा असा प्लॉट होता की बघत राहावे. पेरणीआधी किलोला चार ग्रॅम गंधक मोजून चोळलेले, काणीचे एक कणीस सापडेना. विरळणी वेळेवर, ओळी सुतात, ओल धरून ठेवायला कोळपण्या जितक्या सांगितल्या तितक्या. पाखरांवर दिवस दिवस गोफण फिरलेली. हे सगळे केले होते सालगड्याने. पाडव्यापासून पाडव्यापर्यंत बांधलेला गडी, सही येत नाही, पण पोंगा मरायच्या आधीच खोडमाशी ओळखायचा. बक्षीस समारंभाच्या दिवशी तो काय करत होता? पाण्याचा जार खांद्यावर घेऊन पाहुण्यांना ग्लास देत होता. मालक भला माणूस. माईकवर म्हणाला, "साहेब, हे माझं न्हाई, त्याचं हाय." टाळ्या पडल्या. पण प्रमाणपत्रावर त्याचे नाव लिहायला रकाना नव्हता. रकानाच नसेल तर कारकून तरी काय करणार?

असे बिनरकान्याचे लोक गावात किती आहेत, ते मोजायला बसा. बटईने शेती करणारा. नवऱ्याच्या नावच्या रानात जन्म घालवलेली बाई. दुधी-दोडक्याचे बी राखेत घालून पिढ्यान्‌पिढ्या जपणारी आणि शेजारणीला मूठ मूठ वाटणारी म्हातारी. रात्री दोनला लाइन आली म्हणून अंधारात बांधाबांधाने जाऊन दुसऱ्याचीही मोटार चालू करून देणारा पोरगा. गायीचं वासरू आडवं आलं की डॉक्टर पोचायच्या आत धावणारा म्हातारा मेंढपाळ. यांच्यातल्या कोणाकडेही प्रस्ताव करायला तीन प्रती नाहीत. कॅन्सस सिटीची तांबडी खुर्ची यांच्यातल्या कोणालाही चालली असती. तिला सातबारा लागत नाही. शेजाऱ्याने चार ओळी लिहून दिल्या की झाले.

मान दिला की सगळे झाले, असे मात्र मी म्हणत नाही. चंद्रपूर जिल्ह्यातल्या नागभीड तालुक्यातले दादाजी खोब्रागडे आठवा. जेमतेम जमीन, शिक्षण थोडे, पण धानाच्या लोंब्या निवडत निवडत त्यांनी एचएमटी हा बारीक तांदूळ दिला. त्याला नाव मिळाले ते मनगटी घड्याळाचे. वाण राज्याबाहेर गेले, व्यापाऱ्यांनी पैसा केला. दादाजींना पुरस्कार मिळाले, मासिकांत नाव आले, आणि २०१८ च्या जूनमध्ये ते हलाखीतच गेले. शालीने घर शाकारता येत नाही. सालगड्याला खुर्चीवर बसवले आणि साल मात्र गेल्या वर्षीच्याच रकमेवर बांधले, तर त्या खुर्चीला अर्थ काय?

अमेरिकेतही सगळे सोवळे आहे असे समजू नका. तिथल्या सामन्यांत सैनिकांना उभे करून मानवंदना देण्याची पद्धत आहे. २०१५ च्या नोव्हेंबरात जॉन मॅकेन आणि जेफ फ्लेक या दोन सिनेटरांनी अहवाल काढला. अशा मानवंदनांपैकी कित्येकांसाठी त्यांच्या संरक्षण खात्याने खेळाच्या क्लबांना जाहिरातीच्या करारांतून पैसे मोजले होते! अशा करारांची रक्कम त्यांनी ६८ लाख डॉलर काढली. त्यात बेसबॉलचेही संघ होते. लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते, त्यांना वाटत होते क्लब मनापासून करतो आहे. आपल्याकडच्या काही 'राष्ट्रीय' पुरस्कारांची नोंदणी फी आठवली की हे वाचून फार आश्चर्य वाटत नाही. दोन-चार हजार भरा, हॉलमध्ये या, ट्रॉफी घ्या. माझ्या माहितीतल्या एका बागायतदाराकडे अशा पाच आहेत. विकतचा मान ओळखायची खूण सोपी आहे: कोणाच्या खर्चाने आणि कोणाच्या सोयीने, हे विचारायचे.

रॉयल्सही शेवटी धंदेवाईक क्लबच. जुने मैदान सोडून नवे बांधायचे त्यांनी ठरवले आणि त्यासाठी लोकांकडे कर मागितला. २ एप्रिल २०२४ ला त्यांच्या जॅक्सन कौंटीत (आपल्या जिल्ह्यासारखा भाग समजा) मतदान झाले. प्रश्न होता, मैदानांसाठी चालू असलेला विक्रीकर आणखी ४० वर्षे द्यायचा का? शंभरात अठ्ठावन्न जणांनी नाही म्हटले. ज्यांनी खुर्चीसाठी आपल्या शेजाऱ्यांची नावे कळवली असतील त्यांतल्याही अनेकांनी नाहीच म्हटले असणार. मला ते बरोबर वाटते. खुर्ची दिली म्हणून क्लबला गावाच्या खिशात हात घालायचा हक्क मिळत नाही. आणि कर नाकारला म्हणून खुर्चीचा मोठेपणा कमी होत नाही. साखर कारखान्याच्या चेअरमनने शेतकऱ्याचा सत्कार केला म्हणून उसाचा राहिलेला हप्ता मागायचा नाही का? मागायचाच.

मग आपण काय घ्यायचे? माझ्या डोक्यात एकच गोष्ट आहे आणि तिला खर्च जवळजवळ नाही. आपल्याकडे बेसबॉल नाही, पण गावजत्रेतला कुस्त्यांचा फड आहे. आखाड्याच्या अगदी जवळ पाहुण्यांसाठी गादी-लोड टाकतात आणि तिथे कोण बसते ते तुम्ही मला सांगायला नको. त्या रांगेत एक खुर्ची वेगळ्या रंगाची ठेवा. नवी नको, ग्रामपंचायतीतली प्लॅस्टिकची रंगवून घ्या. जत्रा कमिटीने आधी शाळेत किंवा सोसायटीच्या ओट्यावर पेटी ठेवावी. कोणीही दुसऱ्याचे नाव टाकावे, स्वतःचे नाही, घरच्याचे नाही. कशासाठी, ते चार ओळींत लिहावे, लिहिता येत नसेल तर शाळेतल्या पोराकडून लिहून घ्यावे. निवड करायला सरपंच नको, आमच्यासारखे सरकारी नोकरही नकोत. गावातली तीन वयस्क माणसे बसवा, त्यातली एक तरी बाई. निवड झालेल्याला कुस्त्या सुरू होण्याआधी नावाने बोलवा, चार ओळी वाचा आणि बसवा. शेवटची निकाली कुस्ती होईपर्यंत त्याला तिथून उठवायचे नाही. पाणी त्याला कोणीतरी आणून द्यायचे.

अडचणी येतील. पहिल्या वर्षी एखादे पुढारी ऐनवेळी येतील, दुसरी खुर्ची सापडणार नाही आणि कार्यकर्ते त्या रंगीत खुर्चीकडे बघू लागतील. त्यासाठी दोन दणकट पोरे खुर्चीपाशी उभी करावी लागतील, ती तालमीत मिळतात. दुसरी अडचण जास्त अवघड आहे. ज्याला बसवायचे तोच म्हणेल, "नगं, मी हितंच बरा हाय." त्याला एकट्याला आणू नका. बायको, पोरे, सोबतचा एखादा जोडीदार, सगळ्यांना शेजारी बसवा. म्हणजे त्याला अवघडल्यासारखे व्हायचे नाही. सालगडी असेल तर त्या दिवशीची जनावरांची वैरण-पाणी मालकाने करायची, हे आधीच बोलून घ्यावे.

आपल्या भागातल्या बहुतेक जत्रा चैत्रात असतात. तेव्हा हरभरा-गहू निघालेले असतात, पण कमिटीच्या मंडळींना मंडप, पालखी आणि कुस्त्यांच्या इनामाच्या वर्गणीपुढे डोके वर काढायला वेळ नसतो. ज्या गावांना करून पाहायचे असेल त्यांनी पेटी संक्रांतीलाच ठेवावी. महिनाभर चिठ्ठ्या येऊ द्याव्यात, शिवरात्रीच्या आसपास उघडावी. पाडव्याला सालगड्यांची साले ठरतात. त्याआधी नाव जाहीर झालेले बरे.